निशाणाचे काडतूस आणि उशाचे काडतूस

बंदुकीच्या दुकानात मी प्रथम पाऊल टाकले ते वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, आणि तेही स्वतःच्या कामासाठी नव्हे. माझे चुलतबंधू निवर्तल्यावर त्यांची दुनळी बंदूक कायद्याप्रमाणे लष्करातील एका परवानाधारक दुकानात जमा करण्यात आली होती. वारस म्हणून ती आपल्या नावे करून घ्यावी, असे वहिनींच्या मनात होते. वाड्यात त्या एकट्या. मुलगा परगावी, सून परगावी, मागच्या दोन खणांत एक भाडेकरू कुटुंब. "भाऊजी, बंदूक घरात आहे एवढे लोकांना ठाऊक असले तरी पुरे," असे त्या म्हणत. चौकशीला पुरुषमाणूस बरोबर हवा, म्हणून मी गेलो.

दुकानदार वयोवृद्ध. चष्मा पुसत त्यांनी विचारले, "काडतूस आगे चलकर किस काम के लिए चाहिए? निशानेबाज़ी के लिए या हिफ़ाज़त के लिए?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, एवढे मी सांगू शकलो असतो, एम. ए. ला शिकलेले तेवढेच त्या ठिकाणी उपयोगी पडण्यासारखे होते. परंतु निशाणाचे काडतूस वेगळे आणि संरक्षणाचे वेगळे, ही गोष्ट आम्हा दोघांनाही नवी होती. बंदुकीत काडतूस घालावयाचे, घोडा ओढावयाचा, बार उडतो. यापलीकडे आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांची समजूत जात नाही. वास्तविक ज्या शहराच्या एका भागाचे नावच लष्कर आहे, दौलतराव शिंद्यांच्या छावणीची १८१० सालची आठवण जे नाव अद्याप वागविते, त्या ग्वाल्हेरीतील माणसाने इतके अडाणी असू नये. आमच्या शेजारच्या भिंड-मुरैना भागात तर खांद्यावर बंदूक ही पागोट्यासारखीच प्रतिष्ठेची खूण समजली जाते. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषास बंदुकीच्या परवान्यात अग्रक्रम देण्याची योजना निघाली होती, हे सांगितले तर बाहेरगावच्या वाचकांस थट्टा वाटेल. पण ती वर्तमानपत्रांतून गाजलेली खरी गोष्ट आहे.

त्या दिवसापासून पुढील दोन-तीन महिने मी या विषयाचा विद्यार्थी झालो. जे कळले ते ज्या घरांत वडिलोपार्जित बंदूक आहे, किंवा ज्या घरांतील मुलेमुली हल्ली नेमबाजी शिकत आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहितो.

प्रथम आमच्या दुनळीविषयी. ती बाराबोरी. बारा बोर म्हणजे काय, हे पुष्कळ बंदूकवाल्यांनाही सांगता येत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जेवढ्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोरची. म्हणूनच वीस बोरची नळी बारापेक्षा अरुंद असते. आकडा वाढला की नळी लहान. छऱ्यांच्या नंबरांचेही तसेच उलटे गणित आहे. आठ नंबरचा छर्रा बाजरीच्या दाण्यासारखा, सहाचा थोडा मोठा, चाराचा त्याहून मोठा. आणि सर्वांत वर एस. जी. व एल. जी. हे जाड छर्रे. एल. जी. च्या काडतुसात साधारण सहाच छर्रे असतात, पण प्रत्येक जवळजवळ नऊ मिलीमीटर व्यासाचा. काडतूस बाहेरून पाहिले तर सारखेच: खाली पितळी बूड, त्याच्या मध्यभागी टोपी, आत दारू, दारूवर डाट, डाटेवर छर्रे. पण त्याच कवचात एकीकडे सुमारे तीनशे बारीक दाणे असू शकतात आणि दुसरीकडे सहा गोळ्या.

तीनशे दाण्यांचे काडतूस हे निशाणाचे. आकाशात फेकलेली मातीच्या रंगाची बशी, व्यास अवघा अकरा सेंटीमीटर, ती फोडावयाची असते. तिला जोराचा आघात नको. दाण्यांचे दाट, सारखे पसरलेले जाळे हवे. ऑलिंपिकच्या नियमांत या काडतुसातील छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, आणि छर्रा २.६ मिलीमीटरहून मोठा चालत नाही. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळविले ते असल्याच हलक्या काडतुसांनी. हलके असण्याचे आणखी एक कारण खांद्याला विचारावे. सराव करणारा दिवसातून शंभर-दीडशे बार काढतो. प्रत्येक बाराला भारी काडतुसाचा धक्का बसू लागला, तर चौथ्या दिवशी तो बार निघण्यापूर्वीच डोळे मिटू लागेल. ही डोळे मिटण्याची खोड एकदा लागली की सुटत नाही, असे प्रशिक्षक सांगतात.

रायफलीच्या निशाणाची कथा याहून सूक्ष्म आहे. वहिनींची नात इंदुरास राहते, चौदा वर्षांची आहे आणि एअर रायफल चालविते. दहा मीटरवरच्या तिच्या निशाणातील दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. पेन्सिलीचे टोक टेकविले तर झाकला जाईल एवढा. तिच्या छऱ्याचा व्यास साडेचार मिलीमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तिने मला छऱ्यांची डबी दाखविली, तीवर ४.५० असे लिहिलेले होते. दुसऱ्या डबीवर ४.४९. "आजोबा, माझ्या रायफलीला ही दुसरी मानवते," असे ती म्हणाली. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक आणि 'मानवते' हे क्रियापद! औषध मानवते, हवा मानवते, तसा छर्रा मानवतो. मला तो प्रयोग अतिशय आवडला.

पन्नास मीटरच्या बावीस बोर रायफलीतही हेच. एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसे असली तरी प्रत्येक घाणा वेगळा. म्हणून नामांकित नेमबाज आपली रायफल पकडीत आवळून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे उडवून पाहतात आणि ज्या घाण्याच्या गोळ्यांची भोके कागदावर एकमेकांत मिसळतात, ती काडतुसे पेट्यांनी विकत घेऊन ठेवतात. या स्पर्धांच्या काडतुसांची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी वेगाने सोडलेली असते. कारण अधिक वेगाने सुटलेली हलकी गोळी वाटेत मंदावून ध्वनीच्या वेगाखाली येते, तेव्हा तिला हेलकावा बसतो, आणि दहाचे वर्तुळ असते सुमारे साडेदहा मिलीमीटरचे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत याही कोल्हापूरच्याच. ज्या गोळीने ही पदके मिळतात, तिचे वजन अवघे अडीच ग्रॅमच्या आसपास असते. तरी तिला खेळणे समजू नये. दीड किलोमीटरवरच्या माणसासही ती इजा करू शकते, आणि म्हणून राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांना हीच बावीस बोर देताना मागे मातीचा उंच बांध असल्यावाचून कोणी देत नाही.

आता उशाच्या काडतुसाकडे वळू.

संरक्षणासाठी जवळ ठेवलेल्या काडतुसाला निशाणाची नजाकत नको असते. दहा पावलांवर बोटभर इकडे की तिकडे, हा तेथे प्रश्न नाही. तेथे पहिली अट अशी की, ज्या एका क्षणी घोडा ओढला जाईल त्या क्षणी बार निघालाच पाहिजे. बावीस बोरमध्ये पेटण्याचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो; तो कडेभर सारखा पसरला नसला तर बार हुकतो. नेमबाजाला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. काडतूस काढून दुसरे घालतो. संकटात ही सवड नसते. म्हणून संरक्षणाची हत्यारे बुडाच्या मधोमध टोपी असलेली काडतुसे वापरतात.

दुसरी अट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: गोळी जेथे लागली तेथेच थांबली पाहिजे. निशाणाची कठीण आवरणाची गोळी कागदातून आरपार जाते आणि बांधात रुतते, ते ठीकच. घरात बांध नसतो. घरात भिंतीपलीकडे माणसे असतात. या कारणास्तवही अमेरिकेत पोलीस व नागरिक संरक्षणासाठी लागताच पसरणारी, टोकाला पोकळ असलेली गोळी वापरतात आणि सरावाला स्वस्त, आवरणाची. या पसरणाऱ्या गोळीचे कूळ मात्र आपल्याकडचे आहे, हे वाचून मी चकित झालो. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर इंग्रजी फौजेची तक्रार अशी की, नवी गोळी शत्रूच्या अंगातून पार जाते आणि तो तसाच धावत येतो. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात नेव्हिल बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने टोकाचे आवरण काढलेली गोळी तयार केली. तीच 'दमदम गोळी' जगभर कुप्रसिद्ध झाली, आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेत युद्धात असल्या गोळ्या वापरू नयेत असा ठराव झाला. युद्धात जी क्रूर म्हणून वर्ज्य, तीच शहरात शेजाऱ्याच्या जिवाची काळजी म्हणून ग्राह्य! दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते, आणि पटूनही चैन पडत नाही.

आपल्याकडील सामान्य परवानाधारकापुढे इतकी निवड नसते. ९ मिलीमीटर पिस्तूल किंवा ३०३ रायफल ही त्याला बंदच. त्याच्या वाट्याला ३१५ ची रायफल, बत्तीसचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल, आणि बारा बोर. यांतील ३१५ ची गोळी अर्ध्या विटेच्या भिंतीसही जुमानत नाही; दाट वस्तीत तिचे काय काम, हे मला कोणी पटवून दिलेले नाही. बत्तीसबाबत एक सूचना अवश्य द्यावीशी वाटते. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस ही दोन निराळी काडतुसे आहेत. नाव एक, पण एकाचे दुसऱ्यात चालवावयाचे नसते. नोकराला चिठ्ठी देऊन 'बत्तीसची गोळी' आणावयास पाठविण्याचा हा माल नव्हे. तसे पाठविणे कायद्यातही बसत नाही. परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगावयाची व वर्षाकाठी किती घ्यावयाची हे लिहिलेले असते आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो.

जुन्या दुनळीवाल्यांसाठी याहूनही महत्त्वाची गोष्ट लांबीची. जुन्या विलायती बंदुकांची काडतुसाची खोली पुष्कळदा ६५ मिलीमीटरची असते आणि हल्लीचे काडतूस बहुधा ७० चे. गंमत, म्हणजे धोका, असा की ७० चे काडतूस त्या जुन्या खोलीत सहज बसते. कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या कवचाची असते. मिटलेले काडतूस तिच्याहून आखूड दिसते. बार निघताना कवचाचे तोंड उघडावयास जागा सापडत नाही, ते पुढच्या अरुंद भागात घुसते आणि नळीतील दाब नको तितका वाढतो. आमच्या दुकानदारांनी वहिनींच्या बंदुकीच्या नळीखाली भिंग धरून कोरलेला आकडा वाचून दाखविला, तो ६५ चाच निघाला. म्हणजे माझे बंधू गेली कितीतरी वर्षे नुसत्या दैवावर बार काढीत होते!

तसा एक बार मी जन्मभर विसरणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वीचा दसरा. शस्त्रपूजन झाले. हर्षाचा बार काढण्याची तेव्हा घरोघर चाल होती. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर, कोणाच्या जिवास धोका होईल असा बार उत्सवात काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि ते योग्यच आहे.) बंधूंनी कपाटातील कागदी कवचाची जुनी काडतुसे काढली. चार पावसाळे खाल्लेली ती काडतुसे फुगून नळीत जाईनात; एक कसेबसे बसले. त्यांनी नळी आभाळाकडे करून घोडा ओढला. खट् एवढाच आवाज. "फुसके निघाले," असे म्हणत त्यांनी नळी खाली घेतली आणि आमच्याकडे वळले. त्या वळण्यात बार उडाला. तुळशीवृंदावनाचा कोपरा गेला. वृंदावनापासून दोन हातांवर वहिनी आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या.

त्याला उशिरा पेटणे म्हणतात, हे मला यंदा कळले. दमट टोपी किंवा दारू कधी कधी क्षणभर धुमसते आणि मग उडते. बार हुकला तर नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धे मिनिट थांबावे, मगच बंदूक उघडावी. हा पाठ नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी देतात. घरच्या बंदूकवाल्याला तो कोणीच देत नसे. आता शस्त्र-नियम २०१६ अन्वये परवाना मागणाऱ्यास हत्यार व काडतुसे सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते, ही सुधारणाच म्हणावयाची.

त्या शिक्षणासाठी वहिनी गेल्या, मीही गेलो. सहासष्ट वर्षांची, नऊवारीतून नुकतीच सहावारीत आलेली बाई कानांवर ते जाड कर्णरक्षक चढवून मैदानात उभी राहिली, तेव्हा मला हसू आले नाही. शिक्षणासाठी दिलेली बंदूक तिथलीच, नवी होती. हलक्या काडतुसांचे पाच बार त्यांनी काढले. दोन पुठ्ठ्यावर बसले. मग शिक्षकांनी विचारले, संरक्षणाचे काडतूस कसे असते ते पाहावयाचे आहे काय? वहिनींनी मान हलविली. तो धक्का त्यांना दोन पावले मागे घेऊन गेला; खांद्यावरची निळी खूण पुढे पंधरवडा होती.

पण मला सांगावयाचे आहे ते पुठ्ठ्याविषयी. आमची समजूत अशी की, छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम नको; सगळीकडे पसरते. शिक्षकांनी पाच मीटरवर, म्हणजे आपल्या माजघराएवढ्या अंतरावर, पुठ्ठा लावून स्वतः एक एल. जी. उडविले. सहाही भोके एका तळहाताखाली झाकली गेली. दर मीटरला अडीचेक सेंटीमीटर, एवढाच तो पसारा. अंधारात, घाबऱ्या हातांनी, तळहाताएवढा नेम साधला नाही तर ते सहाही छर्रे पलीकडे जाणार. मग त्यांनी पुठ्ठ्यामागे इंचभर जाडीची फळी ठेवून पुन्हा एक बार काढला आणि फळी वहिनींच्या हाती दिली. त्यांनी भोकांतून बोट घालून पाहिले.

परतताना रिक्षात त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. वाड्याच्या दाराशी उतरल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या माजघराच्या आणि भाडेकरूंच्या मध्ये काय आहे, ठाऊक आहे ना?" ठाऊक होते. सागवानी फळ्यांची आडभिंत; तिच्या पलीकडे त्यांच्या दोन मुलींचे अंथरूण.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. परंतु आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा पूर्वीही नव्हती व आताही नाही. गोळी भलत्यालाच लागली तर तो हक्क कोठवर साथ देईल, याचे उत्तर न्यायालयात मिळते, माजघरात नव्हे. मी स्वतः बंदुकीच्या विरुद्ध नाही. भिंडच्या बीहडाकाठी शेतावर एकटे राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी ती टाक असे सांगणार नाही. त्याच्या घराभोवती दोन शेते मोकळी आहेत आणि पोलीस ठाणे लांब आहे. परंतु लष्करातील वाड्यात ती ठेवण्यापेक्षा दाराला नवा अडसर, अंगणात रात्रभर दिवा आणि भाडेकरूंच्या खोलीत वाजणारी घंटा, यांवर खर्च करावा, हे माझे मत मी वहिनींना पूर्वीच सांगितले होते. त्यांनी ते तेव्हा ऐकले नव्हते. फळीतून बोट घातल्यावर मला पुन्हा सांगावे लागले नाही. शिवाय त्यांनीच आठवण करून दिली की, बंधू असताना दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा होई, आणि त्या महिन्यांत वाड्यात कधी काही झाले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. जमा केलेले हत्यार परवानाधारकास विकण्याची सोय कायद्यात आहे. वहिनींनी तसे लिहून दिले. कपाटातील जुनी फुगलेली काडतुसे बंदुकीबरोबरच तेव्हा जमा झाली होती. ती नष्ट करण्याविषयीही त्यांनी अर्ज दिला. हे लिहिताना असे सांगावेसे वाटते की, ज्यांच्या घरी जुनी काडतुसे पडून आहेत त्यांनी ती विहिरीत, चुलीत वा कचऱ्यात टाकू नयेत. ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात विचारावे. सही करताना वहिनींचा हात थोडा थांबला. बंदूक सासऱ्यांनी घेतलेली होती.

दुकानदारांनी कागद गोळा केले आणि सवयीने विचारले, "और कुछ, माताजी?"

वहिनींनी पिशवीतून नातीने लिहून दिलेली चिठ्ठी काढली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "छर्रे. चार पॉइंट चार नौ. दो डिब्बे." मग माझ्याकडे वळून, "तिला ते मानवतात म्हणे. आणि भाऊजी, शिसे असते त्यात. हात धुतल्याशिवाय खाऊ नको म्हणून तिला तुम्हीच पत्रात लिहा, माझे ऐकत नाही ती."